उजेडाने पक्की केलेली थरावर थर फिल्म धुताना का सुटते : लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची जागा

डायझो रेझिन (उजेडाने बदलणारे, धन प्रभाराचे पॉलिमर) आणि पॉलिस्टायरिन सल्फोनेट (ऋण प्रभाराचे पॉलिमर) यांचे थर काचपट्टीवर आळीपाळीने चढवायचे, वर अतिनील उजेड द्यायचा आणि त्यानंतर ती फिल्म कशानेही हलू नये अशी अपेक्षा करायची, इतके हे काम कागदावर सरळ दिसते. प्रत्यक्षात दर वर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की दोन-तीन महिन्यांत कोणी तरी ओली काचपट्टी चिमट्यात धरून माझ्या टेबलापाशी उभे राहते आणि सांगते की फिल्म धुऊन गेली, दिवा बदलायला हवा. दिवा मी आजवर दोनदाच बदलला आहे. बाकीच्या वेळी फिल्म दिव्याखाली जाण्याआधीच बिघडलेली होती, आणि ते ओळखायला एक स्पेक्ट्रोफोटोमीटर (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती शोषला जातो ते मोजणारे यंत्र) व थोडा धीर एवढेच पुरले.

विरुद्ध प्रभाराचे थर एकावर एक बसवण्याची पद्धत आयलर यांनी १९६६ मध्ये कोलॉइडी कणांसाठी दाखवली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस गेरो डेखर यांनी ती पॉलिमरांसाठी रुळवली. अशा फिल्मला धरून ठेवतात ते मुख्यतः आयनिक बंध, आणि मीठ वाढले किंवा पीएच बदलला की ते सैल पडतात. डायझो रेझिन वापरले तर हा सैलपणा उजेडाने घालवता येतो, हे पेकिंग विद्यापीठातील संशोधकांनी त्याच दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. उजेड पडताच रेझिनमधल्या डायझोनियम गटातून, म्हणजे नायट्रोजनची जोडी असलेल्या धन प्रभाराच्या गटातून, नायट्रोजन निघून जातो आणि उरलेले क्रियाशील टोक शेजारच्या सल्फोनेटशी सहसंयुज बंध जोडते. स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीवर लावायच्या इमल्शनमध्ये जे पिवळे डायझो मिसळतात ते याच कुळातले आहे; म्हणून त्या कारागिरांच्या एक-दोन सवयी मी बिनदिक्कत उचलल्या आहेत, त्या पुढे येतीलच.

लक्षणे

फिल्म गेली, एवढे सांगून भागत नाही. ती कशी गेली हे पाहावे लागते. काचपट्टी धुण्याच्या द्रावणात बुडवताना टेबलावर काळा कागद ठेवावा, तिरका उजेड पडू द्यावा आणि पहिली दोन मिनिटे नजर हलवू नये. फिल्म दुधावरच्या सायीसारखी कडेने उचलली जाऊन सलग पापुद्र्याने सुटत असेल, तर थर एकमेकांना घट्ट बांधले गेले आहेत आणि दोष काचेशी असलेल्या पकडीत आहे. काही न दिसता रंग हळूहळू उतरत जाऊन काच नितळ होत असेल, तर फिल्म विरघळते आहे आणि बंध जुळलेलेच नाहीत. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. सायीसारख्या सुटणाऱ्या फिल्मला दुप्पट उजेड देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. अशा वेळी थर आणखी आवळले जातात, आकसतात आणि फिल्म आधीपेक्षा लवकर सुटते.

तिसरे लक्षण म्हणजे ठिपके आणि धुरकटपणा, ज्यात फिल्म काही ठिकाणी टिकते व काही ठिकाणी जाते. चौथे म्हणजे थर चढवतानाच वाढ थांबणे : सुरुवातीच्या काही थरजोड्यांपर्यंत शोषण (फिल्म किती उजेड गिळते तो आकडा) एकसारखे वाढते आणि मग रेषा आडवी होते. पाचवे लक्षण यंत्रावरच कळते. उजेड दिल्यावर ३८० नॅनोमीटरजवळचे डायझोनियमचे शिखर जवळजवळ निम्म्यावर येते आणि पुढे कितीही वेळ ठेवले तरी तिथेच अडते.

कोणत्याही लक्षणाचा अर्थ लावण्याआधी एक अट पाळावी लागते. त्याच दिवशी, त्याच द्रावणांतून काढलेली एक काचपट्टी उजेड न देता, काळ्या कागदात गुंडाळून बाजूला ठेवावी आणि तीही सोबत धुवावी. उजेड न दिलेली फिल्म ज्या द्रावणात जात नाही त्या द्रावणात उजेड दिलेली टिकली, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. नुसते मिठाचे पाणी अशी कसोटी घेण्यास पुष्कळदा अपुरे पडते. या फिल्मची कडक परीक्षा पाणी, झिंक क्लोराइड आणि डायमिथाइल फॉर्मामाइड यांच्या मिश्रणात घेतात; त्यातले शेवटचे द्रावक कातडीतून अंगात शिरते व यकृताला अपायकारक असते, म्हणून ते धुराड्याच्या कपाटातच आणि योग्य हातमोजे घालून वापरावे.

पहिली तपासणी : ३८० चे तीन आकडे

या तपासणीला खर्च नाही. शेवटचा थर चढल्यावर, उजेड देण्याच्या अगदी आधी आणि उजेड दिल्यानंतर असे तीन वेळा ३८० नॅनोमीटरचे शोषण वहीत लिहावे. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांत घट दिसली, तर मधल्या वेळेत फिल्मला कुठून तरी उजेड लागला आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात काहीच फरक नसेल, तरच दिव्याकडे वळावे. घट पूर्ण असून फिल्म तरीही विरघळत असेल, तर नायट्रोजन निघून गेला पण बंध जुळला नाही. सर्वांत जास्त घोटाळा याच अवस्थेत होतो, कारण यंत्र सगळे सुरळीत झाल्याचे सांगत असते.

इथे एक सावधगिरी बाळगावी. उजेड दिल्यावर ३८० चे शिखर तसेही नाहीसे होते, त्यामुळे धुतल्यानंतर किती फिल्म उरली हे त्या आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी ३०० च्या खाली पाहावे लागते आणि साधी काच तिथे स्वतःच उजेड गिळते. म्हणून निदान एक पट्टी क्वार्ट्झची असावी.

दुसरी तपासणी : रेझिनचे वय आणि खोलीतला उजेड

ट्यूबलाइटच्या उजेडात थोडा अतिनील आणि जांभळा भाग असतोच, आणि डायझो रेझिन तो आनंदाने शोषते. प्रत्येक थराला दहा मिनिटे धरली, तर वीस थरांची फिल्म धुण्याच्या वेळेसह चार-पाच तास उघड्यावर राहते, आणि खिडकीशेजारच्या बाकावर तेवढा वेळ पुरेसा असतो. स्क्रीन प्रिंटिंगवाले पिवळ्या दिव्यात काम करतात ते याचसाठी. खिडकीला पिवळा सेलोफेन कागद, दिव्याला पिवळे आवरण आणि बीकरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल हा उपाय शे-दोनशे रुपयांत होतो आणि मी तो प्रत्येकाला पहिल्याच दिवशी करायला लावतो.

रेझिनचे द्रावण ताजे असताना स्वच्छ पिवळे दिसते. ते तपकिरी किंवा लालसर झाले, बाटलीच्या कडांना बुडबुडे दिसू लागले किंवा तळाशी गाळ बसला, तर त्यातले डायझोनियम गट मोडू लागले आहेत आणि ते द्रावण टाकून द्यायचे. लाल छटा येण्याचे कारण असे की डायझोनियम मोडून फिनॉल तयार होतो आणि उरलेले डायझोनियम त्या फिनॉलशी जोडले जाऊन अझो रंग बनतो. अल्कधर्मी पाण्यात हे फार लवकर घडते, म्हणून द्रावण किंचित आम्लधर्मी ठेवावे. अमाइन गट असलेले बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), उदाहरणार्थ ट्रिस, यात मुळीच वापरू नये, कारण डायझोनियम त्याच्याशीच अभिक्रिया करून मोकळे होते. भुकटी फ्रिजमध्ये ठेवावी, पण बाहेर काढल्याबरोबर डबी उघडू नये. थंड डबी दमट हवेत उघडली की आत दव साचते आणि पुढच्या महिन्यापर्यंत भुकटीचे ढेकूळ होते. डबी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबणे कंटाळवाणे असले तरी स्वस्त आहे.

तिसरी तपासणी : बीकरमधले पाणी

दोन्ही पॉलिमरांची द्रावणे काळ्या कागदासमोर धरून पाहावीत. त्यांत दुधाळपणा दिसला, तर एका बीकरमधले पॉलिमर दुसऱ्यात वाहून गेले आहे आणि विरुद्ध प्रभारांचे गोळे तयार झाले आहेत. तेच गोळे फिल्मवर बसून ठिपके व धुरकटपणा आणतात. उपाय म्हणजे प्रत्येक थरानंतर तीन वेगवेगळ्या बीकरांत एकेक मिनिट धुणे आणि पहिल्या बीकरचे पाणी सतत बदलत राहणे. पाणी वाचवणे एरवी चांगले, इथे नाही.

पाणी कोणते हाही प्रश्न आहे. अतिशुद्ध पाण्याची वाहकता सुमारे ०.०५५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर असते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ती साधारण एकपर्यंत चढते. तुमच्या बीकरमध्ये आकडा त्याच्या कितीतरी पट असेल, तर गाळणीची पाळी निघून गेली आहे किंवा कोणी तरी घाईत नळाचे पाणी घातले आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या कठीण पाण्यातले कॅल्शियम, सल्फोनेटऐवजी पॉलिॲक्रिलिक आम्ल वापरले असेल तर, त्याच्या कार्बोक्झिलेट गटांना धरून बसते आणि थर चढण्याची क्रियाच अडवते. थर मध्येच वाढायचे थांबण्यामागे मला बहुतेक वेळा हेच कारण सापडले आहे.

चौथी तपासणी : ओलावा

दोष याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळा निघतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका जुलैत आमच्याकडे दोन विद्यार्थी एकाच कृतीने फिल्म बनवत होते. फेब्रुवारीत त्याच कृतीची फिल्म उत्तम टिकली होती. आता रोज विरघळत होती. ३८० चे शिखर पूर्ण उतरत होते, रेझिन ताजे होते, दिवा तोच होता. बाहेर सलग पाऊस, खोलीत ओल, आणि डेसिकेटरमधली (वस्तू कोरडी ठेवण्याच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल ओल शोषून केव्हाच गुलाबी पडलेली. जेल ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळी केली, फिल्म रात्रभर तिच्यावर ठेवली, सकाळी डेसिकेटरमधून काढून थेट दिव्याखाली नेली आणि फिल्म टिकली. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी एक पट्टी मुद्दाम ओली ठेवून उजेड दिला, तर ती पूर्वीसारखीच विरघळली.

असे घडण्याचे कारण रसायनाच्या साध्या स्पर्धेत आहे. नायट्रोजन निघून गेल्यावर उरलेले क्रियाशील टोक फार वेळ थांबत नाही, जे हाताशी असेल त्याला पकडते. सल्फोनेट शेजारी असेल तर बंध जुळतो. फिल्ममध्ये पाणी भरलेले असेल तर ते टोक पाण्याशीच अभिक्रिया करून फिनॉल बनते आणि दोन थरांमध्ये काहीही जोडले जात नाही. आणि अशा बहुथरी फिल्म पाणी शोषण्यात मुळातच तरबेज असतात. दमट हवेत त्यांची जाडी मोजता येण्याइतकी वाढते. म्हणून फिल्म नायट्रोजनच्या झोताने वाळवून तशीच दिव्याखाली नेणे पावसाळ्यात पुरत नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या प्रयोगशाळांनी तर ही सवय बारमाही ठेवावी असे माझे मत आहे.

पाचवी तपासणी : पाठ आणि पोट

बुडवून बनवलेली फिल्म काचपट्टीच्या दोन्ही बाजूंना बसते, आणि हे सोयीस्करपणे विसरले जाते. जंतुनाशक दिव्यातला २५४ नॅनोमीटरचा उजेड साध्या काचेतून आरपार जात नाही. त्यामुळे वरच्या बाजूचे डायझोनियम पूर्ण मोडते, खालच्या बाजूचे जवळजवळ तसेच राहते आणि ३८० चा आकडा निम्म्यावर अडतो. लक्षणांतले पाचवे ते हेच. ३६५ नॅनोमीटरचा उजेड काचेतून जातो, पण वरच्या बाजूच्या फिल्मचे शोषण समजा ०.५ असेल, तर सुरुवातीला खालच्या बाजूला जेमतेम एक-तृतीयांश उजेड पोहोचतो. उपाय अगदी किरकोळ आहे : पट्टी उलटून दुसऱ्या बाजूलाही तेवढाच उजेड द्यावा, किंवा पाठीवरची फिल्म आधीच पुसून काढावी. सिलिकॉनच्या चकतीवर पाठ कधीच उजळत नाही. तिथून सुटलेले तुकडे पुढच्या बाजूला येऊन चिकटले की फिल्म खराब झाल्याचा भास होतो.

सहावी तपासणी : दिवा आणि मात्रा

आता दिव्याची पाळी. आधी त्याचा रंगपट्टा फिल्मच्या शोषणाशी जुळतो की नाही ते पाहावे. डायझोसाठी ३६५ ची पाऱ्याची रेषा योग्य ठरते. दिवा लावल्याबरोबर तो पूर्ण ताकदीने जळत नाही, त्याला काही मिनिटे तापू द्यावे लागते, आणि मोजणीच्या वेळीही तो तितकाच तापलेला असावा. प्रकाशमापकाचा संवेदक त्या तरंगलांबीचा आहे ना, हेही तपासावे. ३६५ साठीचा संवेदक २५४ च्या दिव्यासमोर धरून दिवा मेला असा निष्कर्ष काढणाऱ्यांत एकदा मीही होतो.

त्यानंतर स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची पायऱ्यांची चाचणी घ्यावी. एका लांब काचपट्टीवर काळा कागद ठेवून तो टप्प्याटप्प्याने मागे सरकवायचा, म्हणजे एकाच फिल्मच्या पट्ट्यांना ३० सेकंद, १ मिनिट, २, ४ आणि ८ मिनिटे असा उजेड मिळतो. प्रत्येक पट्ट्याचा वर्णपट घ्यायचा आणि मग सगळी पट्टी एकदम धुवायची. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ : २ मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर तीव्रतेने ३०० सेकंद दिले तर ६०० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर होतात. वहीत मिनिटांऐवजी हा आकडा लिहिला, तर दिवा जुना झाल्यावर किंवा अंतर बदलल्यावर नुसती वेळ वाढवून काम भागते. पट्ट्यांचे वर्णपट एकमेकांवर ठेवल्यावर सगळ्या रेषा एका ठरावीक बिंदूतून जाव्यात. तो बिंदू सरकत असेल, तर मुख्य अभिक्रियेशिवाय दुसरेही काही चालू आहे, आणि ओलाव्याच्या तपासणीकडे परत जावे.

सातवी तपासणी : काचेची पकड

फिल्म सायीसारखी सुटत असेल, तर वरच्या तपासण्या सोडून इथेच यावे. हिला शेवटी ठेवले ते केवळ रसायने आणि वेळ लागतो म्हणून. साबणाच्या पाण्यात, मग शुद्ध पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक टाकीत दहा-दहा मिनिटे आणि शेवटी प्लाझ्मा किंवा अल्कोहोली सोडियम हायड्रॉक्साइड, एवढ्याने बहुतेक काच स्वच्छ होते. स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब गोळा राहत नाही, चादरीसारखा पसरतो. हा थेंब रोज, थर चढवण्याच्या अगदी आधी पाहावा, कारण सकाळी स्वच्छ केलेली काच संध्याकाळपर्यंत हवेतला तेलकटपणा ओढून घेते. पहिला थर पॉलिइथिलीनइमाइनचा दिल्यास पकड सुधारते, मात्र त्यात अमाइन गट असल्याने ती पट्टी डायझोच्या बीकरमध्ये जाण्याआधी सल्फोनेटच्या थराने झाकावी आणि नीट धुवावी.

सगळे जागेवर असून फिल्म जात असेल तर

फिल्म मीठ आणि द्रावक सोसते, पण साबणाच्या किंवा अल्कधर्मी पाण्यात जाते, असे झाले तर दोष कृतीत नसून बंधाच्या प्रकारात आहे. पॉलिॲक्रिलिक आम्लाबरोबर डायझो वापरले की एस्टर बंध तयार होतात आणि अल्कली त्यांना तोडते. अशा वापरासाठी बेंझोफिनोन जोडलेले पॉलिमर घ्यावे. बेंझोफिनोन ३६५ च्या उजेडाने उत्तेजित होऊन शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून घेते आणि कार्बन-कार्बन बंध जोडते, जो अल्कलीला दाद देत नाही. त्याच्या खोड्या वेगळ्या आहेत : हवेतला ऑक्सिजन त्याची उत्तेजित अवस्था विझवतो म्हणून नायट्रोजनखाली काम करावे लागते, आणि रंग उतरताना दिसत नसल्याने क्वार्ट्झवर २६० च्या आसपासचे शिखर पाहावे लागते. साखळ्या आखूड असतील तर बंध जास्त लागतात, कारण फिल्म न विरघळण्यासाठी दर साखळीमागे सरासरी निदान एक दुवा जुळावा लागतो. पॉलिमरची नवी बाटली आल्यावर रेणुभाराचे लेबल वाचावे, ते याचसाठी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

रेझिनची बाटली फुगलेली दिसली तर ती उघडू नये. आत नायट्रोजनचा दाब असतो. कोरडी भुकटी तापवू, खरवडू किंवा खलात घोटू नये. दोन्ही बाबतींत सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे पिरान्हा मिश्रण काच साफ करते हे खरे, पण ते द्रावकाच्या थेंबानेही उसळते; ज्याने ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली केलेले नाही त्याने ते करू नये. दिव्याचे आवरण, चोक किंवा कॅपॅसिटर स्वतः उघडू नयेत, ते काम दिवा पुरवणाऱ्याच्या तंत्रज्ञाचे आहे. पाऱ्याचा दिवा फुटला तर खोली रिकामी करून हवा खेळती करावी आणि झाडू मारू नये. उजेडाशी काम केल्यानंतर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचू लागले तर डोळे चोळत बसू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

ताजे रेझिन, कोरडी फिल्म, दोन्ही बाजूंना उजेड, पायऱ्यांची चाचणी आणि स्वच्छ काच एवढे करूनही लागोपाठ तीन पट्ट्या गेल्या, तर आणखी पट्ट्या वाया घालवण्यात अर्थ नाही. आता प्रश्न असा की डायझोनियमचे नेमके काय झाले, आणि त्याचे उत्तर अवरक्त वर्णपटात २१६० प्रति सेंटीमीटरच्या आसपासच्या पट्ट्यावरून किंवा एक्सपीएसमधल्या (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्ये ओळखण्याच्या तपासणीतल्या) नायट्रोजन आणि गंधकाच्या शिखरांवरून मिळते. ही यंत्रे मुंबईच्या आयआयटीतील सैफसारख्या केंद्रीय सुविधांत असतात आणि तिथले तज्ज्ञ नमुन्याइतकेच नोंदींकडे पाहतात. जाताना उजेड दिलेली, उजेड न दिलेली आणि अर्धवट धुतलेली अशा तीन पट्ट्या काळ्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळून न्याव्यात, ३८० चे तीन आकडे आणि मात्रा सोबत लिहून द्यावी, आणि रेझिनची डबी कधी उघडली ती तारीखही द्यावी, कारण तिथे पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतात.